विंचू कोणाला चावला?

आता नाथांचं ‘विंचू चावला’ घ्या. शाहीर साबळ्यांच्या आवाजात ते घरोघरी पोचलं. इथे भाईंदरला आमच्या सोसायटीत ते लागलं की मुलं नाचतात, मोठी हसतात. कीर्तनाला जाणारे म्हणतात, अहो, विंचू म्हणजे काम-क्रोध! बरोबर आहे, नाथांनीच भारुडात तसं सांगितलंय. उतारा सत्त्वगुणाचा, हेही सांगितलंय. मग हसणारे चुकले का? मला नाही वाटत. हसू येतं, कारण विंचू दुसऱ्याला चावलेला असतो. पण अर्थ कळूनही आपल्याला शेजाऱ्याचाच क्रोध आठवत असेल, तर जाणकारही त्या मुलांइतकाच बाहेर उभा आहे. माझंही वर्षानुवर्षं तेच झालं. वर्गात अर्थ सांगायचो, आणि वर्गातच चिडायचो. उतारा पाठ होता, घेतला नव्हता.