‘डिस्क’ म्हणजे नेमकी कोणती डिस्क? जुन्या लॅपटॉपवरच्या ड्युअल बूटबद्दल काही आक्षेप



आजचा विषय जाहीर झाल्यावर दोघा-तिघांनी विचारलं, “लॅपटॉप घेऊन यायचा का?” नको. आज मी इन्स्टॉल करायला शिकवणार नाही, त्यासाठी व्हिडिओ ढिगाने आहेत. मला बोलायचंय ते त्या व्हिडिओंमधल्या सल्ल्याबद्दल, आणि तो सल्ला शेवटी ज्या एका स्क्रीनवर आणून सोडतो त्या स्क्रीनबद्दल. म्हणजे ही टीका आहे. सुरुवातीलाच सांगून टाकतो, मी स्वतः रोज लिनक्स वापरतो. घरच्याच माणसाने केलेली कुरकुर आहे ही.

पार्श्वभूमी थोडक्यात. १४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा नेहमीचा सपोर्ट संपला. विंडोज ११ला टीपीएम २.० लागतं, आणि प्रोसेसर इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीचा किंवा पुढचा लागतो. म्हणजे २०१२-१३ साली घेतलेला लॅपटॉप, जो आजही सुरू होतो, ज्याचा कीबोर्ड शाबूत आहे, तो कागदोपत्री बाद. मग कोणीतरी सांगतं, “लिनक्स टाक की. आणि भीती वाटत असेल तर विंडोज राहू दे, शेजारी टाक.” हेच ड्युअल बूट. मशीन एक, सिस्टिम दोन. सुरू करताना एक यादी येते, त्यातून आज कोणती हवी ते निवडायचं.

हा सल्ला नवख्या माणसाला ‘सुरक्षित मधला मार्ग’ म्हणून दिला जातो. माझा पहिला आक्षेप इथेच आहे. जुन्या लॅपटॉपवर, एकाच हार्ड डिस्कवर दोन सिस्टिम मांडणं हा सगळ्यात जोखमीचा मार्ग आहे. आणि ती जोखीम तंत्रापेक्षा शब्दांमध्ये जास्त लपलेली आहे. कशी, ते माझ्याच फजितीवरून सांगतो.

माझे मामा त्यांच्या हाउसिंग सोसायटीचे खजिनदार. लॅपटॉप असाच, चार जीबी रॅम, पाचशे जीबीची फिरती हार्ड डिस्क, विंडोज ७वरून १०वर आलेला. फार मंद झाला होता. मी म्हटलं, “मामा, विंडोज ठेवतो, शेजारी लिनक्स टाकून देतो.” मामांनी एकच प्रश्न विचारला, “डी सेफ राहील ना?” मी म्हटलं, “डीला कोण हात लावतंय!”

पेन ड्राइव्हवरून इन्स्टॉलर सुरू केला. व्हिडिओत दाखवतात तो ‘विंडोजच्या शेजारी’ हा पर्याय आलाच नाही. दोनच पर्याय दिसत होते. ‘डिस्क पुसून टाका’ आणि ‘काहीतरी वेगळं’. दुसऱ्यावर क्लिक केलं तर एसडीए१, एसडीए२ अशी एक यादी आली, ती बघून मागे आलो. मामांना म्हटलं, “शेजारी टाकता येत नाहीये. सी पुसायला लागेल, विंडोज जाईल.” मामा म्हणाले, “सीवर आहे काय? जाऊ दे. डी आहे ना?” इशारा होता, खोटं कशाला बोलू. सगळ्या फायली जातील असं स्पष्ट लिहिलं होतं. आम्ही दोघांनी वाचला आणि दोघांनी मान डोलावली.

सात वर्षांचे सोसायटीचे हिशेब डीवर होते.

आता बघा, चूक माझी होती, ती मी नाकारत नाही. पण ती चूक घडली कशी? विंडोजमध्ये तुम्ही ‘धिस पीसी’ उघडता तेव्हा काय दिसतं? ‘लोकल डिस्क सी’, ‘लोकल डिस्क डी’. वीस-पंचवीस वर्षं आपल्याला शिकवलं गेलं की सी ही एक डिस्क आणि डी ही दुसरी. प्रत्यक्षात त्या एकाच हार्ड डिस्कच्या दोन खोल्या आहेत, ज्याला पार्टिशन म्हणतात. आपल्याकडच्या दुरुस्तीवाल्यांनी ही समजूत आणखी पक्की केली. लॅपटॉप नेला की ठरलेलं वाक्य, “फॉरमॅट मारून देतो, डीला धक्का लागणार नाही.” आणि तो शब्द पाळत होता बरं का! डी खरंच वाचायची. म्हणून सगळ्यांनी जिवापाड जपायच्या गोष्टी डीवर ठेवल्या.

लिनक्सचा इन्स्टॉलर ‘डिस्क’ म्हणतो तेव्हा त्याला अख्खं यंत्र अभिप्रेत असतं, सी, डी, रिकव्हरी सगळं धरून. तांत्रिकदृष्ट्या त्याचंच बरोबर आहे. पण घर बदलणाऱ्या माणसाशी तुम्ही त्याच्या जुन्या घरातला शब्द वेगळ्या अर्थाने बोलता, तेव्हा बरोबर असून भागत नाही. तो स्क्रीन मराठीत आणला तरी हे सुटणार नाही, कारण मराठीतही आपण ‘डिस्क’च म्हणणार.

दुसरा आक्षेप मौनाबद्दल. ‘शेजारी’चा पर्याय का आला नाही? हे मला नंतर कळलं. त्या काळच्या लॅपटॉपवर एमबीआर नावाची जुनी पद्धत असायची. तिच्यात चारच मुख्य पार्टिशन बसतात. मामांच्या लॅपटॉपवर विंडोजचं छोटं सिस्टिम पार्टिशन, सी, डी आणि कंपनीचं रिकव्हरी, असे चार होते. पाचव्याला जागाच नव्हती. इन्स्टॉलरला हे ठाऊक होतं, म्हणून तर त्याने पर्याय दाखवला नाही. पण का दाखवला नाही, हे एका ओळीत सांगितलं असतं तर मी तिथेच थांबलो असतो. रेल्वेच्या खिडकीवर तिकीट नाही म्हणाले तरी माणूस विचारू शकतो, ‘का हो?’ इथे विचारायलाही कोणी नाही. (हशा)

तिसरा आक्षेप व्हिडिओंवर. त्यांच्यात वीस पायऱ्या असतात आणि वीसच्या वीस एकाच सुरात सांगितल्या जातात. भाषा निवडा, वाय-फाय जोडा, टाइम झोन कोलकाता निवडा, डिस्क निवडा, नाव लिहा. यातल्या एकोणीस चुकल्या तर पुन्हा करता येतात. एक चुकली तर येत नाही. शिकवणाऱ्याने तिथे आवाज बदलायला हवा. ‘बॅकअप घेतला असेलच’ हे अर्धं वाक्य पुरत नाही.

आणि इन्स्टॉल नीट झालं तरी संसार सुरू होतोच ना! त्याबद्दल कोणी बोलत नाही. लिनक्स मशीनमधलं घड्याळ जागतिक वेळेवर ठेवतं, विंडोज ते स्थानिक वेळेचं समजतं. आपल्याकडे फरक साडेपाच तासांचा. लिनक्स वापरून विंडोजमध्ये गेलात की सकाळी साडेदहाला ते पहाटेचे पाच दाखवतं. लिनक्समध्ये एका कमांडने हे मिटतं, पण लोक बॅटरी गेली म्हणून दुकानात जातात. विंडोज ८पासून ‘फास्ट स्टार्टअप’ आलं. त्यात शट डाउन केलं तरी विंडोज पूर्ण मिटत नाही, आणि लिनक्समधून त्या पार्टिशनवर लिहायला गेलं तर बहुधा नकार मिळतो. ते आधी बंद करावं लागतं.

दोष एकाच बाजूचा आहे असंही नाही. ऑगस्ट २०२४मध्ये मायक्रोसॉफ्टचं एक सुरक्षा अपडेट आलं. ड्युअल बूटवाल्या मशीनना त्याचा हा भाग लागू होणार नाही, असं कंपनीने सांगितलं होतं. तरी सिक्युअर बूट चालू असलेल्या अनेकांचं लिनक्स सुरूच होईना. स्क्रीनवर एवढंच, की काहीतरी गंभीर बिघडलं आहे. एका घरात दोन चुली, आणि एकीला दुसरीचा पत्ता नाही.

मग ड्युअल बूट वाईटच का? तसं म्हणणार नाही. श्रीलिपीत जुन्या फायली असलेले डीटीपीवाले, टॅलीवर बसणारे, डिजिटल सहीचा टोकन वापरणारे, यांना विंडोज लागतंच. फक्त दोन चुली दोन वेगळ्या खोल्यांत मांडा. जुन्या लॅपटॉपची एक चांगली बाजू ही, की बहुतेकांची हार्ड डिस्क चार स्क्रू काढून बाहेर येते. ती काढून कपाटात ठेवा. जागी नवी एसएसडी लावा, तिच्यावर लिनक्स टाका. पुष्कळ मॉडेलमध्ये डीव्हीडी ड्राइव्हच्या जागी कॅडी बसवून जुनी डिस्कही परत लावता येते, पण लिनक्स टाकून झाल्यावर. जी डिस्क लॅपटॉपमध्येच नाही ती चुकून पुसता येत नाही. एवढी साधी सुरक्षितता कुठल्याही इशाऱ्यात नाही.

एकाच डिस्कवर करायचंच असेल तर डी दुसरीकडे कॉपी करा, आणि ती कॉपी दुसऱ्या मशीनवर उघडून पाहा. उघडून पाहिल्याशिवाय तिला बॅकअप म्हणू नका.

प्रश्न आलाय, व्हर्च्युअल मशीन का नको? चार जीबी रॅममध्ये दोन सिस्टिम एकाच वेळी जेवायला बसल्या तर दोघी उपाशी उठतात. आठ जीबी असेल तर जरूर करून बघा.

आणि दुसरा प्रश्न, मामांचं काय झालं? डिस्क फिरती होती आणि आम्ही लगेच थांबलो, म्हणून फोटोरेक या मोफत प्रोग्रामने बऱ्याच फायली परत आणल्या. एसएसडी असती तर आशा फारच कमी होती. पण फोटोरेक फायली आणतो, त्यांची नावं आणत नाही. शेकडो एक्सेल फायली, प्रत्येकीचं नाव म्हणजे नुसता आकडा. मामा अख्खा मे महिना एकेक उघडून वर्ष लावत बसले होते. दोन वर्षं सापडलीच नाहीत, ती त्यांनी पावती पुस्तकांवरून पुन्हा लिहून काढली. मला एका शब्दाने बोलले नाहीत.

म्हणून माझी मागणी एका वाक्याची आहे. ‘डिस्क पुसून टाका’च्या जागी लिहा, ‘या लॅपटॉपमधले सी, डी, ई, सगळे ड्राइव्ह पुसले जातील.’ मामांना ते समजलं असतं. मलाही समजलं असतं.