‘काळाची गरज’ नावाचा निबंध

निबंधाच्या वह्या तपासून झाल्याशिवाय चिवड्याच्या डब्याला हात लावायचा नाही, असा आमच्या घरातला दिवाळीपूर्वीचा दंडक आहे. यंदा वह्या एकेचाळीस होत्या आणि विषय होता ‘सौरऊर्जा : काळाची गरज’. विषय मीच दिलेला, त्यामुळे तक्रार करण्याची सोय नव्हती. माझे स्वतःचे शिक्षण मॅट्रिकपलीकडे गेले नाही. दोन कादंबऱ्या लिहिल्या, म्हणून मनीषनगरात लोक मला लेखक म्हणतात, आणि एका लहानशा शाळेत मी मराठी शिकवतो. इतक्या भांडवलावर मी जी टीका करणार आहे, ती वाचकांनी त्याच बेताने घ्यावी.

चाळीस निबंध एकाच साच्यातून निघाले होते. आरंभी सूर्यनारायणाला वंदन, मध्ये कोळशाची निंदा आणि अखेरीस ‘चला तर मग, आपण सारे संकल्प करू या’. या चाळीस निबंधांत एकही माणूस नव्हता. कोळसा कोण खणतो, वीज कोण वापरते, पट्ट्या कोणाच्या छपरावर बसतात, याचा पत्ता नाही. सगळी क्रियापदे कर्त्याविना. ‘केले पाहिजे’, ‘झाले पाहिजे’. व्याकरणात याला भावे प्रयोग म्हणतात. व्यवहारात याला अंग काढून घेणे म्हणतात.

मुलांना दोष देण्यात अर्थ नाही. मोठ्यांची भाषा त्यांनी उचलली. 2025 च्या जुलैत आपल्या देशाने घोषणा केली, की वीजनिर्मितीच्या स्थापित क्षमतेपैकी निम्मी क्षमता आता खनिज इंधनांवाचूनची आहे. गोष्ट खरी आणि अभिमानाचीही आहे. ती मुदतीच्या पाच वर्षे आधी घडली. पण ‘क्षमता’ आणि ‘निर्मिती’ हे दोन शब्द वेगळे आहेत. वर्गात पन्नास बाके असली म्हणजे पन्नास मुले शिकतात असे नव्हे. सूर्य मावळल्यावर सौर पट्टीचे बाक रिकामे असते, आणि वर्षभरात प्रत्यक्ष जी वीज तयार होते तिचा फार मोठा हिस्सा अजून कोळशातूनच येतो. भाषणात मात्र पहिला शब्द उच्चारला जातो आणि टाळी दुसऱ्याला पडते.

आता एकेचाळिसावी वही. हा मुलगा अजनीकडून येतो. त्याचे वडील मालगाडी चालवतात. त्याने लिहिले होते, की बाबांच्या गाडीत बहुतेक वेळा कोळसाच असतो, इंजिन विजेवर चालते आणि ती वीज पुन्हा कोळशाचीच असते. ‘कोळसा बंद झाला तर बाबा काय ओढतील?’ येथे निबंध संपला होता. संकल्प नाही, सूर्यनारायण नाही. मी त्याला दहापैकी चार गुण दिले आणि समासात लाल शाईने लिहिले : ‘विषयांतर’.

चार दिवसांनी त्याची आई शाळेत आली. भांडायला नव्हे. वही पुढे करून एवढेच म्हणाली, “सर, खोटं काय लिहिलं पोरानं? मार्क काऊन कापले?”

मला उत्तर देता आले नाही. रेल्वे जो माल वाहते त्यात वजनाने जवळजवळ निम्मा कोळसाच असतो, आणि मालाच्या भाड्यातून प्रवाशांच्या तिकिटाची तूट भरून निघते. म्हणजे आपण पंढरपूरला स्वस्तात जातो त्यातही कोळशाचा हात आहे. मुलाने विषयांतर केले नव्हते. विषयात शिरलेला तो एकटाच होता.

ही चूक माझ्या एकट्याची नाही, आपल्या साहित्याचीही आहे. वीज आणि माणूस यांची गाठ महाराष्ट्रात फार जुनी आहे. मुंबईच्या गिरण्या कोळशाऐवजी पाण्याच्या विजेवर चालाव्यात म्हणून टाटांनी सह्याद्रीत धरणे बांधली. खोपोलीचे वीजगृह 1915 साली सुरू झाले. कोळशाला पर्याय शोधण्याचा तो आपल्याकडला पहिला मोठा प्रयत्न. आणि त्याच प्रयत्नातून 1921 साली मुळशीचा सत्याग्रह उभा राहिला, ज्याने बापटांना ‘सेनापती’ केले. गिरणीला धूर नको होता, मावळ्याला जमीन हवी होती. दोघांचेही खरे होते. पुढे विश्वास पाटलांनी ‘झाडाझडती’त धरणग्रस्तांची व्यथा मांडली, तिला 1992 साली साहित्य अकादमीचा पुरस्कारही मिळाला. धरणाला कादंबरी मिळाली. चिमणीला कुठे आहे?

वस्तुतः ती आम्हा विदर्भवाल्यांनी लिहायची. कोराडी आणि खापरखेडा आमच्या उशाशी आहेत. चंद्रपूरहून पडघ्यापर्यंत 752 किलोमीटरची वीजवाहिनी 1999 साली सुरू झाली; वीज तिकडे जाते, राख इकडे राहते. जुलै 2022 मध्ये कोराडी केंद्राचा खसाळ्याचा राखेचा बंधारा फुटला आणि राखेचे पाणी गावांत, शेतांत शिरले. पुढल्याच वर्षी, 29 मे 2023 रोजी, त्याच कोराडीत 660 मेगावॅटचे आणखी दोन संच उभारण्यासाठी जनसुनावणी झाली. यात नायक, खलनायक, कोरस, सगळे आहे. मी मात्र माझ्या दोन्ही कादंबऱ्यांत सीताबर्डीवरचे प्रेमप्रकरण लिहीत बसलो.

पर्यायांचीही कथा सरळ नाही. 2014 साली नागपुरात इथेनॉलवर चालणारी हिरवी बस आली; माझ्या मुलीने तिचे चित्र काढून बक्षीस मिळवले होते. 2018 साली तो प्रयोग थांबला. यंत्र हरले नाही, व्यवहार हरला.

आणि आमच्या इमारतीची गच्ची? 2024 पासून केंद्राच्या योजनेत घरगुती छपरावर तीन किलोवॅटला 78 हजार रुपयांपर्यंत अनुदान आहे, म्हणून आम्ही सभा बोलावली. बिऱ्हाडे चोवीस. एका किलोवॅटला साधारण शंभर चौरस फूट जागा लागते. प्रत्येकाने दोन किलोवॅट म्हटले तरी अठ्ठेचाळीसशे फूट हवेत; टाक्या आणि जिन्याची खोली वगळता आमच्याकडे अठराशे आहेत. वरच्या मजल्यावरचे जोशीबुवा म्हणाले, छप्पर माझ्या डोक्यावर आहे. खालच्या वहिनी म्हणाल्या, मग पायाही माझाच. वाळवणे कुठे घालायची, हा प्रश्न तिसऱ्याच कोणी काढला, आणि उन्हाळी पापड या मुद्द्यावर सभा तहकूब झाली. अखेर जिन्याचे दिवे, लिफ्ट आणि पाण्याचा पंप यांपुरत्या पट्ट्या बसवायचे ठरले. मला हा निर्णय एकेचाळीस निबंधांतल्या चाळिसांपेक्षा सरस वाटतो. त्यात निदान कर्ता आहे, कर्म आहे आणि पंपाचे बिल आहे.

त्या मुलाचे गुण मी चाराचे आठ केले. दोन शुद्धलेखनाचे कापले. ‘इंजिन’ त्याने तीन ठिकाणी तीन तऱ्हांनी लिहिले होते. सुटीनंतर विषय बदलणार आहे : ‘आमच्या घरची वीज कुठून येते?’ वर्गातल्या दोघांचे आजोळ खसाळ्याकडे आहे. त्यांच्या वह्या आधी वाचीन.