आत्मसमर्पण आणि सरणगमन

ख्रिस्ती धर्म ईश्वराला शरण जावयास सांगतो आणि तथागत मात्र कुणालाही शरण जावयास सांगत नाहीत, असे विधान आमच्या व्यासपीठांवरून वारंवार केले जाते. त्याला टाळ्याही मिळतात. परंतु ज्या सभेत हे विधान होते त्या सभेचा प्रारंभ 'बुद्धं सरणं'नेच झालेला असतो. एखाद्या ख्रिस्ती अभ्यासकाने ही विसंगती दाखवून दिली, तर तिचे उत्तर आमच्यापाशी असले पाहिजे. ते उत्तर घोषणेत सापडणार नाही. त्यासाठी प्रथम प्रतिपक्षाचा विचार त्याच्या उत्तम स्वरूपात समजून घ्यावा लागेल आणि नंतर आपल्या अट्ठकथा उघडाव्या लागतील.

ख्रिस्ती आत्मसमर्पणाचे अत्यंत रेखीव रूप आम्हांस इग्नेशियस लोयोला यांच्या 'आध्यात्मिक साधना' या ग्रंथात दिसते. १५२१ मध्ये पाम्प्लोनाच्या वेढ्यात जखमी झालेला हा बास्क सरदार पुढे येशूसंघाचा संस्थापक झाला. याच संघाच्या फादर थॉमस स्टीफन्स यांनी १६१६ मध्ये 'क्रिस्तपुराण' मराठीस दिले, हे आमच्या वाचकांस ठाऊक आहेच. पोप तिसरे पॉल यांनी १५४८ मध्ये मान्यता दिलेला हा ग्रंथ वाचनासाठी नाही, चार आठवड्यांच्या एकांतसाधनेसाठी आहे. साधकाने दिवसातून दोनदा स्वतःच्या दोषांची मोजदाद करावी, त्यांच्या खुणा कागदावर मांडाव्यात, मनात उठणाऱ्या प्रेरणा कोठून येतात व कोठे नेतात हे पारखावे, अशी त्याची शिस्त आहे. सतिपट्ठानाच्या अभ्यासकास हे सारे परके वाटू नये. 'समर्पण म्हणजे आळशी माणसाचा आसरा' असे म्हणणाऱ्यांनी ही साधना पाहिलेलीच नाही.

या साधनेच्या शेवटी साधक स्वातंत्र्य, स्मृती, बुद्धी आणि इच्छा ही चारही ईश्वरास अर्पण करतो. या अर्पणामागील तर्क महत्त्वाचा आहे. हे सर्व ईश्वरानेच दिले आहे, म्हणून ते त्याला परत करावयाचे. म्हणजे हे दान नव्हे, ही ठेवीची परतफेड होय. निर्माता मान्य केला की हा तर्क निर्दोष ठरतो. त्याच्यामागे गेथशेमनीच्या बागेत पित्याच्या इच्छेपुढे स्वतःची इच्छा मागे घेणाऱ्या येशूचे उदाहरणही उभे असते. ही परंपरा भित्र्यांची आहे असे कोण म्हणेल? येशूसंघाच्याच आल्फ्रेड डेल्प यांनी डिसेंबर १९४४ मध्ये नाझींच्या तुरुंगात अंतिम व्रते घेतली आणि २ फेब्रुवारी १९४५ रोजी बर्लिनमध्ये ते फाशी गेले. ज्याने सर्वस्व ईश्वरास वाहिले, त्याच्यापाशी हुकूमशहास वाहावयास काही उरले नव्हते.

तथापि त्याच ग्रंथाच्या शेवटी चर्चशी एकमताने विचार करण्याचे नियम आहेत. त्यांतील तेरावा नियम सांगतो की, जे मला पांढरे दिसते ते धर्मसत्तेने काळे ठरविल्यास मी काळे मानावे. येशूसंघाच्या घटनेत आज्ञापालनासाठी प्रेताचा आणि म्हाताऱ्याच्या हातातील काठीचा दृष्टान्त आहे. वरिष्ठापुढे अडचण मांडण्याची मुभा तेथे आहे, हेही प्रामाणिकपणे नोंदविले पाहिजे. पण निर्णय वरिष्ठाचा. ईश्वर अदृश्य आहे. त्याला वाहिलेली बुद्धी प्रत्यक्षात स्वीकारणारा कोणी दृश्य माणूसच असतो. आमचा मुख्य आक्षेप येथे आहे. कालामसुत्तात तथागतांनी, हा श्रमण आमचा गुरू आहे एवढ्याच कारणाने काही स्वीकारू नका, असे बजाविले आहे. परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत मिलचा हवाला देऊन, थोर पुरुषाच्या चरणीही आपले स्वातंत्र्य वाहू नये, असा इशारा दिला. इग्नेशियसच्या अर्पणात स्वातंत्र्यच प्रथम येते.

आता आपल्या घराकडे वळू. दीघनिकायाच्या अट्ठकथेत, 'सुमंगलविलासिनी'त, लौकिक सरणगमनाचे चार प्रकार सांगितले आहेत आणि त्यांतील पहिलाच 'अत्तसन्नियातन', म्हणजे स्वतःस सोपवून देणे, हा आहे. बौद्ध धम्मात समर्पण नाहीच, हे विधान येथेच कोसळते. 'विसुद्धिमग्गा'त तर कम्मट्ठान घेणाऱ्या योग्याने आपला अत्तभाव भगवंतास किंवा आचार्यास वाहावा असे स्पष्ट सांगितले आहे. बुद्धघोषाचार्यांचा दृष्टान्त सुंदर आहे. काशीचे उंची वस्त्र उंदरांनी कुरतडले तर मालक हळहळतो. पण तेच वस्त्र त्याने चीवराची गरज असलेल्या भिक्खूस दिले असेल, तर भिक्खू ते फाडून तुकडे करताना पाहून त्यास आनंदच होतो. वाहिलेल्या देहाविषयी अरण्यातही भय उरत नाही.

मग भेद कोठे आहे? हे वस्त्र भिक्खूने मुळात दिलेले नव्हते. तथागत निर्माते नाहीत, म्हणून येथे परतफेड संभवत नाही. आणि ते मार्गदाता आहेत, मोक्षदाता नव्हेत, म्हणून सोपविलेल्या साधकास उचलून पैलतीरी नेणारेही कोणी नाही. अट्ठकथा सरणगमनास 'चित्तुप्पाद' म्हणते. म्हणजे ती साधकाच्याच चित्तात घडणारी क्रिया आहे. दुसरा भेद अधिक निर्णायक आहे. आचार्यास स्वतःस न वाहणारा शिष्य दुर्वच होतो, असे विसुद्धिमग्ग म्हणतो खरे. परंतु विनयपिटकाच्या 'महावग्गा'त उपाध्यायाप्रति शिष्याची जी कर्तव्ये दिली आहेत, त्यांत उपाध्यायाच्या मनात मिथ्यादृष्टी उत्पन्न झाल्यास शिष्याने ती दूर करावी, हेही एक आहे. उपाध्यायाचे पात्र धुणारा हाच शिष्य! तेराव्या नियमाच्या शेजारी हे कर्तव्य ठेवून पाहावे.

ख्रिस्ती समर्पणावर टीका करण्याचा अधिकार आम्हांस या कर्तव्यामुळे मिळतो, पण ते पाळले तरच. विहार समितीच्या अध्यक्षास किंवा पक्षनेत्यास प्रश्न विचारणारा तरुण जेथे धम्मद्रोही ठरतो, तेथे तो तेरावा नियम नाव न घेता चालूच असतो. अट्ठकथाकारांस ही शक्यता ठाऊक होती. चौथा प्रकार जो 'पणिपात', त्याचे त्यांनी पुन्हा चार भेद केले. आप्त म्हणून केलेला, भयाने केलेला, विद्या शिकविणारा म्हणून केलेला आणि दक्षिणेय म्हणून केलेला. यांपैकी केवळ शेवटचाच सरणगमन होय. राजेही ज्याला मानतात तो आपले अहित करील, या धास्तीने वाकणारा शरण गेलेला नाही. आणि 'बुद्ध आमच्याच कुळातला' म्हणून वंदन करणारा शाक्य किंवा कोलियही शरण गेलेला नाही.