उच्च रक्तदाबाच्या उपचारातील संगणकीय स्मरणसूचना : पालघर व बोईसर-तारापूरच्या संदर्भात एक चिकित्सा

प्रस्तावना :
उच्च रक्तदाब दीर्घकाळ लक्षणांशिवाय राहू शकतो. त्यामुळे त्याच्या उपचारात रुग्णाप्रमाणेच डॉक्टरांकडूनही चालढकल संभवते. दाब १४०/९० च्या वर नोंदवूनही तीच गोळी त्याच मात्रेत पुन्हा लिहून दिली जाते. या 'उपचार-जडत्वा'वर संगणकीय स्मरणसूचनेचा उपाय सुचविला जातो. दाबाची नोंद होताच मात्रा वाढविण्याची किंवा दुसरे औषध जोडण्याची सूचना पडद्यावर दिसते. या उपायामागील गृहीतकांची चिकित्सा करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

विवेचन :
हरियाणा व कर्नाटकातील ४० सामुदायिक आरोग्य केंद्रांत 'एमवेलकेअर' ही संगणकीय निर्णय-साहाय्य प्रणाली तपासण्यात आली. तिचे निष्कर्ष २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. रक्तदाब दोन्ही गटांत घटला. मात्र प्रणाली वापरणारा गट, प्रशिक्षित परिचारिका व उपचार-तक्ते लाभलेल्या दुसऱ्या गटापेक्षा सरस ठरला नाही. याचा अर्थ, चांगल्या व्यवस्थेत सूचनेचा वाटा मर्यादितच राहतो.

१ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून वेगळ्या झालेल्या पालघर जिल्ह्यात हा प्रश्न अधिक तीव्र होतो. एकीकडे जव्हार-मोखाड्याचे दुर्गम आदिवासी पाडे, तर दुसरीकडे बोईसर-तारापूरची औद्योगिक वसाहत. येथील कंत्राटी व स्थलांतरित कामगाराला पाळी बदलली की बाह्यरुग्ण विभागाची वेळ गाठणे अवघड जाते. दवाखान्यात जाण्यासाठी त्याला रोजंदारी बुडवावी लागते. गावी गेल्यावर त्याची नोंद येथेच राहते. डॉक्टरांच्या पडद्यावरील सूचना समोर बसलेल्या रुग्णापुरतीच असते. न आलेल्या रुग्णाविषयी ती मौन बाळगते. औषधसाठा संपला असल्यास अचूक सूचनाही निष्फळ ठरते.

या दृष्टीने २०१७ मध्ये सुरू झालेल्या भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमाची दिशा अधिक व्यवहार्य वाटते. सोपी एकसमान उपचारपद्धती, अखंड औषधपुरवठा आणि 'सिंपल' अॅपमधील तारीख चुकलेल्या रुग्णांची यादी यांचा त्यात मेळ आहे. यादी हाती असल्यास परिचारिका दूरध्वनी करू शकते, आशा कार्यकर्ती घरी जाऊ शकते.

निष्कर्ष :
संगणकीय स्मरणसूचना निरुपयोगी नाही; परंतु ती डॉक्टरांच्या विस्मरणावरचा उपाय आहे, रुग्णाच्या अनुपस्थितीवरचा नव्हे. बोईसर-तारापूरसारख्या ठिकाणी संध्याकाळचा बाह्यरुग्ण विभाग, एका वेळी अधिक दिवसांचे औषध आणि रुग्णासोबत जाणारी नोंद यांची जोड मिळाल्यासच ती सार्थ ठरेल. अन्यथा पडदा अचूक सूचना देत राहील आणि कामगार मात्र पक्षाघात झाल्यावरच रुग्णालयात पोहोचेल.