जुन्या ऑपेरागृहांचा नाद नेमका ऐकतं कोण?

मंडळी, 'जुन्या ऑपेरागृहाचा नादच वेगळा, तो लाकडात मुरलेला असतो,' हे वाक्य आपण इतक्यांदा ऐकलंय की त्याची उलटतपासणी करायचं कुणाला सुचत नाही. आज आम्ही ती करणार आहोत.

या चर्चेत हिदाका आणि बेरानेक यांची २००० साली प्रसिद्ध झालेली पाहणी हटकून पुढे येते. तीत वरच्या क्रमांकांवर ब्युनोस आयर्सचं कोलोन, ड्रेस्डेनचं झेम्पर ऑपेरागृह आणि मिलानचं ला स्काला आहेत. छान! पण कौल दिला कुणी? २२ वाद्यवृंद-संचालकांनी. सारा जन्म वाद्यवृंदाच्या खड्ड्यात उभं राहून, प्रेक्षकांकडे पाठ करून ऐकलेल्या कानांचा हा निवाडा. त्याला श्रोत्यांचं मत म्हणणं आम्हाला पटत नाही.

आणि 'श्रोता' तरी एक कुठे असतो? ला स्काला घोड्याच्या नालेच्या आकाराचं, भिंतींना बॉक्सच्या रांगा. बॉक्सच्या कठड्याशी बसलात तर गाणं नीट येतं. मागच्या खुर्चीवर ते अर्धमेलं होऊन पोचतं. पूर्वी तिथे घराणी जेवायची, पत्ते कुटायची, हे काही उगाच नव्हे! उलट सगळ्यांत वरचा लोज्जोने, म्हणजे आपल्याकडचा पिटातला प्रेक्षक म्हणा ना, स्वस्तात बसतो आणि पुष्कळदा चांगलं ऐकतो. गायक त्यालाच टरकून असतात.

आता ते मुरलेलं लाकूड. ला स्काला उघडलं १७७८ साली. पण ऑगस्ट १९४३च्या बॉम्बहल्ल्यात त्याचं प्रेक्षागृह उद्ध्वस्त झालं, आणि १९४६ साली ते पुन्हा उभं राहिलं. ड्रेस्डेनचं १९४५च्या फेब्रुवारीत बेचिराख झालं, ते उघडलं थेट १९८५मध्ये. म्हणजे समोर बसलेल्यांपैकी कितीतरी जण त्या भिंतींपेक्षा वयाने मोठे!

मग हा सगळा भासच का? नाही. कान खोटं बोलत नाही, तो श्रेय भलत्याला देतो. निनादकाळ, म्हणजे आवाज थांबल्यावर तो विरायला लागणारा वेळ, ला स्कालात साधारण १.२ सेकंद, ड्रेस्डेनमध्ये १.६च्या आसपास. फरक लहान नाही, तरी दोन्हीकडे वाहवा. रोस्सिनीचे भराभर येणारे शब्द आखूड निनादात सुटे ऐकू येतात, तर रिशार्ड स्ट्राउसच्या भरघोस वाद्यमेळाला लांब निनाद मानवतो. त्याची 'सालोमे' (१९०५) आणि 'एलेक्ट्रा' (१९०९) पहिल्यांदा ड्रेस्डेनलाच झाली. ज्या गावाने जे ऐकलं, त्याप्रमाणे तिथला कान घडला. त्या पाहणीतल्या एका यादीत ही दोन गावं शेजारी बसवली आहेत, पण मिलानच्या लोज्जोनेतला माणूस ड्रेस्डेनला नेऊन रोस्सिनी ऐकवा, तो काय म्हणेल ते त्या यादीत नाही.