खळीमागचा दोरा

दगडाची मूर्ती नको तेवढा दगड काढून होते, मातीची माती चढवून. कापडी मऊ शिल्पात काढायचं काही नसतं, वरून चढवायचंही काही नसतं. फायबर ठासून भरलेल्या गोळ्यातून सुई आरपार जाते, दोरा ताणला जातो आणि जिथे तो आवळतो तिथे खोलगा पडतो. त्याच क्षणी शेजारचं कापड फुगून वर येतं. डोळ्याची खोबण, नाकाचा उंचवटा, गालाची खळी, सगळं या एका ओढीतून निघतं. म्हणून अशी बाहुली हातात आली की तिचे डोळे किंवा कपडे मी मागाहून पाहते. आधी पाहते ते दोरा कुठून कुठे गेला असेल ते.

हे पाहायला शिकायचं तर मार्था नेल्सन थॉमस यांच्या बाहुल्यांपासून सुरुवात करावी. अमेरिकेतल्या केंटकी राज्यात, लुईव्हिलला कलेचं शिक्षण घेतलेल्या या बाई १९७०च्या दशकात हातशिलाईची कापडी बाळं करत. हस्तकलेच्या जत्रांत ती विकायला ठेवत आणि बाळाबरोबर दत्तकपत्र देत. या बाळांचे चेहरे पाहा. पसरट तोंड, जड गाल, छोटंसं नाक, हनुवटी जेमतेम. देखणं म्हणावं असं काही नाही, आणि तरी चेहरा मनातून जात नाही. बाहुली म्हटली की लांब पापण्या आणि गुलाबी जिवणी, ही सवय त्यांनी बाजूला ठेवली. तान्ह्या मुलाचा चेहरा खरोखर असाच असतो: सगळा गाल, आणि त्यात कुठेतरी बाकीचं. ते त्यांना दिसलं होतं.

आता नाक जवळून पाहू. दोऱ्याची गाठ डोक्याच्या मागे, केसांखाली लपेल अशी मारलेली असते. तिथून लांब सुई थेट पुढे, डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यात काढायची. कापडाचे दोनच धागे उचलायचे, सुई पुन्हा मागे न्यायची आणि ओढायची. डोळ्याची जागा आत जाते. मग नाकाच्या एका बाजूने सुई घालून दुसऱ्या बाजूने काढायची, पुन्हा उलट. अशा काही फेऱ्यांत दोन टाक्यांमधलं कापड चिमटीत धरल्यासारखं वर येतं आणि नाकाला कडा फुटतात. टाका मोठा झाला तर तो शिवण म्हणून दिसतो. धागे दोनच उचलले तर तो खोलग्यात बुडून जातो आणि डोळ्याला फक्त सावली दिसते. या कलेतलं सगळं रेखाटन सावलीचं आहे. म्हणून बाहुली खिडकीजवळ धरून, उजेड एका बाजूने घेऊन पाहावी. समोरून झोत टाकून काढलेल्या फोटोत अर्धा चेहरा हरवतो.

ओठांच्या कोपऱ्यांत कारागिराचा स्वभाव कळतो. कोपऱ्यातून दोरा मागे मानेकडे नेला तर हसू येतं, खाली हनुवटीकडे ओढला तर रुसवा. दोन्ही बाजूंचा ताण अगदी सारखा ठेवला की चेहरा गुळगुळीत आणि मुका होतो. एका बाजूला ओढ सूतभर जास्त पडली की मूल काहीतरी लपवतंय असं वाटू लागतं. मला हा सूतभर फरक फार प्रिय आहे. तो मोजपट्टीने येत नाही, बोटाला लागणाऱ्या ताणावरूनच कळतो.

यासाठी भरण घट्ट हवं. आत पोकळी राहिली तर दोरा ओढताच कापडाला चुण्या पडतात आणि बाळाऐवजी म्हातारं तोंड तयार होतं. (म्हातारंच करायचं असेल तेव्हा हेच हत्यार.) कापडाची ताणही पाहावी लागते. ताण आडवी ठेवून डोकं बेतलं तर गाल रुंदावतात, उभी ठेवली तर चेहरा लांबतो. आपल्याकडे एके काळी घरोघरी स्टॉकिंगची फुलं केली जात. तारेच्या कड्यावर नायलॉन ताणून गुंडाळलेल्या हातांना कापडाची ही ओढ चांगली ओळखीची आहे. त्यांनी हा छंद धरला तर निम्मं शिक्षण आधीच झालेलं असेल.

मार्थाबाईंच्या बाळांचं पुढे काय झालं ते ठाऊक असायला हवं. जॉर्जियातल्या झेव्हिअर रॉबर्ट्स यांनी आधी त्यांच्या बाहुल्या विकल्या, मग त्याच धर्तीवर स्वतःच्या कापडी बाहुल्या काढल्या. १९८२ मध्ये कोलेको कंपनीशी करार झाला आणि १९८३च्या नाताळात त्या बाहुल्यांसाठी, म्हणजे ‘कॅबेज पॅच किड्स’साठी, अमेरिकेतल्या दुकानांत झुंबड उडाली. मार्थाबाईंनी दावा लावला होता, तो न्यायालयाबाहेर मिटला. २०१३ मध्ये त्या गेल्या. त्यांच्या वाट्याला आलं त्याहून कितीतरी जास्त श्रेय त्यांना मिळायला हवं होतं, असं मला आजही मनापासून वाटतं.

कोलेकोच्या बाहुलीचं डोकं व्हिनाईलचं, साच्यातून काढलेलं. अंग मात्र कापडी, बोटं आणि बेंबी टाक्यांनी घडवलेली. त्यामुळे एकाच खेळण्यात दोन्ही रीती शेजारी सापडतात आणि तुलना हातानेच करता येते. व्हिनाईलचा गाल दाबून सोडा. तो होता तसा परत येतो, ओठ जागचे हलत नाहीत. संपूर्ण कापडी बाहुलीचा गाल दाबला की आतला दोरा सैल पडतो, ओठाचा कोपरा सरकतो आणि क्षणभर हसू बदलतं. साच्याने खळीचा आकार नेमका उचलला, तिच्यामागची ओढ काही त्याला उचलता आली नाही. मुलांनी दोन्हींवर माया केली, ती खरीच. पण शिल्प म्हणून पाहायचं तर मी कापडी डोक्याच्या बाजूची.

छंद म्हणून सुरुवात करणारीने चेहऱ्याआधी अंग करावं. पंजा पिशवीसारखा भरून आरपार धावदोरा घातला की बोटं सुटी दिसू लागतात. कोपराला आणि गुडघ्याला एकेक टाका घातला की तिथे बाळसं दिसतं. बेंबी तर एका टाक्याचं काम: पोटातून पाठीकडे, पाठीतून पोटाकडे, आणि ओढ. पोट लगेच गोल होतं. पण पाठीवर दोरा अडकतो तिथेही खोलगा पडणारच. म्हणून ती जागा कमरेच्या जरा वर, मणक्याच्या रेषेवर घ्यावी. त्याच ओढीत पाठीची पन्हळही उतरते.