गमावलेली वर्षे आणि मैत्रीची भाषा : दोन जपानी चित्रकथांच्या संदर्भात

दीर्घ ताटातुटीनंतर भेटणारे मित्र हा कथावाङ्मयातील जुना विषय होय. अशा कथांचे वाचन बहुधा एका गृहीतकावर चालते. ते असे की, मैत्री कोठेतरी जशीच्या तशी जपून ठेवलेली असते आणि भेटीच्या क्षणी ती पुन्हा हाती येते. मधली वर्षे हा केवळ अडसर. जपानी चित्रकथेत, म्हणजेच ‘मंगा’ या प्रकारात, ज्या कृतींनी हा विषय गांभीर्याने हाताळला आहे त्यांना हे गृहीतक मान्य नाही. योशितोकी ओइमा यांची ‘कोए नो काताची’ (आवाजाचा आकार) ही 2013-14 मध्ये साप्ताहिकातून क्रमशः प्रसिद्ध झालेली व पुढे सात खंडांत संगृहीत झालेली कृती या दृष्टीने विशेष विचारार्ह आहे.

तिच्याआधी नाओकी उरासावा यांच्या ‘निजुस्सेइकी शोनेन’ (विसाव्या शतकातील मुले, 1999-2006) या कृतीचा ओझरता उल्लेख आवश्यक आहे. केंजी व त्याचे बालमित्र प्रौढपणी पुन्हा एकत्र येतात, तेव्हा टोपणनावे सहज ओठांवर येतात. ओचिआई चोजी या आडनाव-नावाच्या तुकड्यांतून मुलांनी घडविलेले ‘ओच्चो’ हे नाव तीन दशकांनंतरही चालते. परंतु नाव टिकले म्हणजे स्मरण टिकले असे नव्हे. लहानपणी कोणी काढलेले चिन्ह आता एका घातक पंथाने उचलले आहे, आणि त्या पंथाच्या नायकाला सारे ‘तोमोदाची’, म्हणजे ‘मित्र’, एवढेच म्हणतात. तो कोण, हे बालमित्रांपैकी कोणालाच आठवत नाही. केंजीने दुकानातून एक बिल्ला चोरला, आळ दुसऱ्याच मुलावर आला, आणि केंजी गप्प राहिला. एकाच्या दृष्टीने क्षुल्लक असलेला हा प्रसंग दुसऱ्याच्या आयुष्याला पुरून उरला. वर्षे दोघांचीही गेली, पण ती सारख्या मापाने गेली नाहीत.

ओइमा यांच्या कृतीत हीच विषमता अधिक सूक्ष्म रीतीने येते, कारण येथे मुळात मैत्रीच नव्हती. सहावीच्या वर्गात नव्याने आलेल्या बधिर शोको निशिमियाचा शोया इशिदा छळ करतो. तिची श्रवणयंत्रे वारंवार नष्ट होतात, आणि पुढे वर्ग सारा दोष त्याच्या एकट्याच्या माथी मारतो. सुमारे पाच वर्षांनी तो तिला शोधून काढतो, तेव्हा त्याच्या हाती तिची जुनी वही असते आणि बोटांत सांकेतिक भाषा असते. दोन्ही हात एकमेकांत गुंफून केलेली ‘मित्र’ ही खूण तिने शाळेत असताना त्याच्यापुढे केली होती. तेव्हा त्याला ती कळली नव्हती. आता तीच खूण तो तिच्यापुढे करतो. वस्तुतः ही पुनर्भेट नसून, पाच वर्षे अनुत्तरित राहिलेल्या एका वाक्याला मिळालेले उत्तर आहे. मधली वर्षे नसती तर ते उत्तर शक्यच नव्हते, कारण ते देण्याची भाषाच शोयापाशी नव्हती.

तथापि भाषा शिकल्याने अंतर मिटते, असा सोपा निष्कर्ष लेखिका काढू देत नाही. शोको एके दिवशी हातांनी न बोलता स्वतःच्या कंठाने शोयाला ‘सुकी’ (तू आवडतोस) असे सांगते. तो ‘त्सुकी’ (चंद्र) असे ऐकतो आणि चंद्राच्या सौंदर्याला दुजोरा देतो. एका ध्वनीचा हा फरक विनोदी म्हणून वाचला जातो, पण त्यातील खरा प्रकार निराळा आहे. शोया पाच वर्षांत तिच्या भाषेत येऊन पोचला आहे, आणि नेमक्या त्याच वेळी शोको त्याच्या भाषेत येऊ पाहते. दोघेही एकमेकांच्या घरी गेले आणि दोघांनाही दार बंद आढळले!

संबोधनांकडेही लक्ष दिले पाहिजे. तो तिला ‘निशिमिया’ म्हणतो, ती त्याला ‘इशिदा-कुन’ म्हणते. जवळीक वाढली तरी दोघे आडनावावरून नावावर येत नाहीत. शाळासोबती वर्षांनंतर भेटल्यास अरे-तुरे करावे की अहो-जाहो, हा मराठी भाषकांना पडणारा पेच येथे पडतच नाही, आणि तो न पडणे हेच अर्थपूर्ण आहे. वर्गात तुसडेपणाने उच्चारलेले आडनाव शोया बदलत नाही. त्याच शब्दाला तो निराळे वजन देत जातो.

कृतीचा एक दोष मात्र झाकता येणार नाही. गमावलेल्या वर्षांचा हिशेब मुख्यतः शोयाचा आहे. लोकांच्या चेहऱ्यांवर त्याला दिसणाऱ्या फुल्या, आईला परत करण्यासाठी त्याने जमविलेले पैसे, आत्मनाशाचा विचार हे सर्व तपशिलाने येते. शोकोची तीच वर्षे कशी गेली? त्यांचे सर्वांत बोलके साधन म्हणजे तिच्या धाकट्या बहिणीने काढलेली मृत प्राण्यांची छायाचित्रे. मरण किती ओंगळ असते हे बहिणीला दिसावे म्हणून ती घरात लावलेली असतात. इतके समर्थ चित्र असताना लेखिका शोकोला स्वतःला दोष देणारी मुलगीच प्रदीर्घ काळ ठेवते. एका उत्तरार्धातील प्रकरणात मात्र दृष्टिकोन तिच्याकडे जातो. तेथे इतरांच्या फुग्यांतील अक्षरे अर्धवट खोडल्यासारखी छापली आहेत, आणि वाचकाला प्रथमच तिच्या बाजूने ऐकावे लागते. हे प्रकरण फार उशिरा येते.

शेवट प्रौढत्व-समारंभाच्या दिवशी होतो. प्राथमिक शाळेतील वर्गमित्रांचा मेळावा एका दालनात भरला आहे. शोया आणि शोको बाहेर उभे आहेत. ते हात धरून दार उघडतात, आणि आतल्या माणसांनी त्यांना काय म्हटले हे कृतीत येत नाही.